उष्टी हवा

अकराव्या चौकीवर मी एकतीस वर्षं उभी आहे.
खाली ओढा, मागे बीचचं रान
आणि हातात निळा झेंडा.
म्हणजे, मागून तुझ्याहून वेगानं कुणी येतंय,
वाट दे.
घरी नवऱ्यालाही मी हाच दाखवते, असं
तळलेले बटाटे विकणारा फिर्मां
गिऱ्हाइकागणिक सांगतो.

आधी इथं एक लांब वळण होतं,
उताराला लागलेलं, डावीकडे कलतं.
आम्ही त्याला विळा म्हणायचो.
गाडी आधी कानात यायची, मग पोटात,
डोळ्यांत सगळ्यात शेवटी.
विळ्यावर पुढे जायचं तर बाहेरूनच जावं लागे
आणि बाहेर ओलं गवत.
हंगामात एखादाच जायचा.
एका साली कुणीच नाही.
तरी कुंपणाशी जागा मिळावी म्हणून
लिएजहून माणसं पहाटे चारला यायची,
गेल्या वर्षी न घडलेलं पाहायला.

मग एका पावसात एक पोरगा सरळच गेला.
टायरांच्या भिंतीतून लंगडत बाहेर आला,
माझ्याकडे पाणी मागितलं,
आणि बाटलीचं झाकण काही त्याला उघडेना.
त्या हिवाळ्यात विळ्याच्या जागी नागमोड आली.
उजवं, डावं, उजवं, पिवळे कर्ब,
जपून रे बाळा, जपून.
मी विरोध केला नाही.
झाकण मीच उघडलं होतं.

पण पुढची नऊ वर्षं नुसती वरात.
पुढच्यानं फाडलेली, तापवलेली, उष्टी हवा
मागच्याच्या तोंडावर.
उष्ट्या हवेत गाडीचे पंख धरत नाहीत,
टायर घसरतात,
जवळ आला म्हणूनच तो मागे पडतो.
(लग्नांचंही असंच असावं, पण ते असो.)
फिर्मां म्हणे, झेंड्याचा आता उशीला अभ्रा शीव.

तीन वर्षांमागे लीसेलॉट आली, गेंटची,
मापाचं चाक ढकलत, बुटांना चिखल.
सगळे तिला रुंदी सांगत होते, उतार, मीटर.
तिनं मला विचारलं,
'पुढे जाताना ते नेमके कुठे घाबरतात?'
इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
शंभराच्या पाटीच्या जरा अलीकडे नेऊन
मी तिला जागा दाखवली:
इथं उजवा पाय विचार करतो.
तिनं तिथं खडूनं फुली मारली.

आता नागमोड नाही. सरळ रस्ता लांबला,
आणि शेवटी, चढावर, हेअरपिन,
केसांतल्या आकड्यासारखीच, पण रुंद,
तीन गाड्या शेजारी मावतील अशी.
उशिरा ब्रेक मार, आत घूस.
चुकलास, तर पुढच्या वळणावर तो परत घेईल.
गेल्या ऑगस्टात मी बेचाळीस मोजले.
बेचाळीस!
लोक बाकांवर उभे, फिर्मांचे बटाटे दोनदा करपले,
मीही ओरडले, झेंड्यासकट.

रात्री लीसेलॉटला फोन केला. खूश झाली.
मग म्हणाली, 'त्यातला एखादा आठवतोय?'
एक लाल गाडी होती, आतून...
की ती आदल्या फेरीतली?
'दोन मीटर जास्त रुंद केला मी,' ती म्हणाली,
आणि बराच वेळ फोनवर
तिच्या पेन्सिलीचा आवाज येत राहिला.

विळ्याचं डांबर अजून रानात पडून आहे,
उखडायला पैसे उरले नव्हते.
संध्याकाळी कुत्र्याला घेऊन तिकडे जाते.
मधोमध शेवाळ, भेगांतून नेचे,
आणि अगदी बाहेरच्या कडेला, गवताला चाटून,
रबराची एक काळी रेघ.
रबर इतकी वर्षं टिकत नाही, लीसेलॉट म्हणते.
मग ती काय आहे,
हे मात्र ती सांगत नाही.